मामांच्या रेसर सायकलचे हँडल आणि पाच मीटर सुती फीत

जुनी फीत काढायला घेतली तेव्हा ती उलगडली नाहीच, वाळलेल्या केळीच्या सोपटासारखी तुकड्यातुकड्यांनी सुटून आली. सायकल माझ्या थोरल्या मामांची. कापडतंत्राच्या शिक्षणासाठी ते दोन वर्षे इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला होते आणि १९७४ साली परतताना नॉटिंगहॅमच्या कारखान्यात तयार झालेली, पुढच्या नळीवर बगळ्याची मुद्रा असलेली एक रॅले सायकल सोबत घेऊन आले. इचलकरंजीत त्या काळी असे खाली वळलेले हँडल फारसे कोणी पाहिले नव्हते, त्यामुळे गल्लीतली पोरे तिला ‘मेंढ्याच्या शिंगांची सायकल’ म्हणत. पुढे मामांचे गुडघे दुखू लागले, सायकल माळ्यावर गेली आणि दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे, कोल्हापूरला राजारामपुरीत आली. चाके, साखळी आणि ब्रेकच्या तारा यांचे काम मिस्त्रींनी केले. हँडलला नवी टेप गुंडाळण्याचे काम मात्र मी हट्टाने स्वतःकडे ठेवले, आणि ते मला दोनदा करावे लागले.

आज सायकलच्या दुकानात जी टेप मिळते ती दोन-तीन मिलिमीटर जाड, फोमची, थोडी ताणली जाणारी आणि हाताखाली मऊ लागणारी असते. इटलीच्या चिनेली कंपनीने १९८०च्या दशकात बुचाच्या भुशाचा अंश असलेली अशी फीत बाजारात आणली आणि नंतर सगळ्यांनीच तो मार्ग धरला. त्याआधी काही वर्षे चकचकीत प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांची चलती होती, आणि त्याच्याही आधी शर्यतीच्या सायकलींवर सरसकट साधी सुती विणलेली फीत असे. फ्रान्समधील वेलॉक्सची ‘त्रेसोस्तार’ ही त्यातली प्रसिद्ध. साधारण दोन सेंटीमीटर रुंद, अर्धा मिलिमीटर जाड, मागच्या अंगाला थोडा गोंद लावलेली अशी ती फीत असते. मामांच्या हँडलवरचे तुकडे याच जातीचे होते. मूळचा रंग पांढरा असावा, परंतु पन्नास वर्षांच्या घामाने आणि धुळीने त्याला कोणत्याही रंगाचे नाव देता येण्यासारखे उरलेले नव्हते.

मिस्त्रींनी फोमची टेप सुचवली होती. “ताई, कापड टिकतंय व्हय? दोन पावसाळ्यांत कुजून जाईल,” हे त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. माझा आग्रह दिसण्यापुरता होता हे मी कबूल करते, पण त्या दिसण्याला एक कारण होते. नव्या सायकलींत ब्रेकच्या तारा टेपच्या आतून, हँडलला चिकटून जातात. या जुन्या सायकलीत ब्रेकची तार लिव्हरच्या डोक्यातून वर निघते आणि हवेत कमान करून खाली उतरते, त्यामुळे टेपखाली निव्वळ नळी असते आणि तिची सडपातळ वळणे तशीच्या तशी दिसतात. अशा हँडलवर जाड फोम गुंडाळला की मोडलेल्या हाताला बँडेज बांधल्यासारखे दिसते. शिवाय हाताच्या मुठीत ती पातळ, कडक नळी धरण्याचा जो स्पष्टपणा आहे, तो मामांच्या सायकलीचा स्वभाव आहे, असे मला वाटत होते.

पहिला प्रयत्न मी ऑगस्टमध्ये केला. ती पहिली चूक. शिवणसाहित्याच्या दुकानातून वीस मिलिमीटर रुंदीची पांढरी सुती फीत मीटरवर मोजून आणली आणि घरी येताच तशीच गुंडाळायला बसले. ती दुसरी चूक. तिसरी चूक दिशेची होती, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. वरून लाखेचे पॉलिश लावले, तर ते काही ठिकाणी मुरले, काही ठिकाणी थेंब होऊन वरच बसले आणि सुकल्यावर सगळीकडे दुधाळ साय धरल्यासारखे डाग उमटले. महिनाभरात वळणांवरच्या फितीच्या कडा पोटातून उलटल्या आणि मग जवळजवळ दर दोन दिवसांनी मी त्या अंगठ्याने दाबून बसवत असे. त्या बसत नसत.

सप्टेंबरच्या अखेरीस इचलकरंजीला गेले तेव्हा उरलेल्या फितीचा तुकडा मामांपुढे ठेवला. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी तो तुकडा दोन बोटांत चोळला, दोन्ही टोके धरून झटका देऊन ओढला आणि म्हणाले, “अगं, कोरी फीत तशीच गुंडाळलीस? हिची खळ कोण काढणार?”

विणकामाच्या मागाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मागावर घर्षणाने तुटू नयेत म्हणून विणण्यापूर्वी त्यांना खळ दिली जाते, ज्याला इचलकरंजीत सगळे ‘सायझिंग’ म्हणतात. ही खळ बहुधा स्टार्चची असते, धाग्याला कडकपणा आणि गुळगुळीतपणा देते आणि त्याच वेळी त्याची शोषण्याची शक्ती अडवून ठेवते. विणून झाल्यावर कापड धुऊन ती काढायची असते. कोऱ्या फितीवर खळ तशीच राहिली असेल, तर लाख धाग्यात मुरत नाही, वरच थांबते. दुसरी गोष्ट, सुती कापड पहिल्या पाण्यात आटते, कारण मागावर ताणून ठेवलेले धागे पाणी मिळताच आपल्या जागी परत येतात. गुंडाळल्यानंतर पहिल्याच पावसात माझी फीत भिजली होती. ती आटली, वाळली आणि वळणावर जागा बदलून बसली. मामांनी मला कपाटातून तिरक्या विणीच्या, म्हणजे ट्विलच्या फितीचे एक बंडल काढून दिले. साध्या विणीत प्रत्येक धागा शेजारच्या धाग्यात एकाआड एक अडकलेला असतो. ट्विलमध्ये तो दोन-तीन धाग्यांवरून जाऊन मग खाली उतरतो, त्यामुळे ती वीण घट्ट असूनही वळणावर अधिक सहज लवते. आणि दोन्ही बाजूंना विणलेली किनार असणे अत्यावश्यक. कापडातून कापून काढलेली पट्टी कितीही सुबक दिसली तरी तिच्या कडेचे धागे सुटणार.

दुसऱ्या प्रयत्नाला मी दिवाळीनंतरच हात घातला. फीत गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकून तासभर भिजवली, चोळून धुतली, पुन्हा साध्या पाण्यात खळबळली, सावलीत वाळवली आणि ओलसर असतानाच इस्त्री केली. एका बाजूसाठी भिजवलेली सहा मीटर फीत वाळल्यावर मोजली तेव्हा पाऊण वीत कमी भरली. ही पाऊण वीत आधी हँडलवर आटली होती!

फीत वाळेपर्यंत हँडल साफ केले. जुन्या गोंदाचा थर रॉकेलच्या चिंधीने निघतो, वेळ लागतो एवढेच. हा वेळ घालवण्यासारखा आहे, कारण टेप उघडी असताना हँडलची नळी नीट पाहण्याची संधी पुन्हा अनेक वर्षे येत नाही. माझे हँडल ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहे. घामातील क्षार कापडातून झिरपून नळीपर्यंत पोचले की तिथे पांढरी भुकटी धरते आणि तिच्याखाली बारीक खड्डे पडतात. ब्रेक लिव्हरच्या पट्ट्याखाली मला असे काही खड्डे सापडले. ते घासून काढले, भिंग घेऊन पाहिले आणि नख फिरवून तपासले. नखाला अडकणारी रेघ, विशेषतः लिव्हरच्या पट्ट्याजवळ किंवा मधल्या जाड भागाच्या काठाशी, आढळली असती तर मी ते हँडल वापरले नसते, कितीही जुने आणि कितीही प्रिय असले तरी. पोलादी नळी बहुधा आधी वाकते. थकलेले ॲल्युमिनियम मात्र सूचना न देता तुटते, आणि त्या वेळी आपण बहुधा उतारावर असतो.

लिव्हरची जागाही याच वेळी ठरवून घ्यावी लागते, कारण टेप गुंडाळल्यावर ती हलवायची म्हणजे सगळे पुन्हा सोडणे आले. जुन्या पद्धतीत हँडलच्या खालच्या सरळ भागाला खालून पट्टी लावतात आणि ब्रेकच्या दांड्याचे टोक त्या पट्टीला टेकेल अशा बेताने लिव्हर बसवतात. मी लोखंडी फूटपट्टी लावून दोन्ही बाजू जुळवल्या. हे काम दहा मिनिटांचे आहे.

आता फीत किती लागते हा प्रश्न. भावाचे उद्यमनगरात लेथचे काम आहे. त्याचा व्हर्नियर आणून हँडलची नळी मोजली, ती २३.८ मिलिमीटर व्यासाची भरली, म्हणजे तिचा परीघ सुमारे ७५ मिलिमीटर. दोऱ्याने वळणावळणाने मोजल्यावर एका बाजूला गुंडाळायची लांबी ६० सेंटीमीटर आली. वीस मिलिमीटरची फीत प्रत्येक वेढ्याला आधीच्या वेढ्यावर अर्धी चढवली, तर एका वेढ्यात आपण दहा मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे साठ वेढे आणि साडेचार मीटर फीत. एक तृतीयांश चढवली तर पंचेचाळीस वेढ्यांत, सुमारे तीन मीटर चाळीस सेंटीमीटरमध्ये काम होते. सरळ भागावर एक तृतीयांश पुरते, वळणावर पुरत नाही. वळणाची मध्यरेषेवरची त्रिज्या सात सेंटीमीटर धरली, तर आतल्या अंगाची त्रिज्या सुमारे ५८ मिलिमीटर आणि बाहेरच्या अंगाची ८२ होते. मध्यावर सव्वातेरा मिलिमीटर पुढे सरकणारा वेढा बाहेरच्या अंगाला साडेपंधरा मिलिमीटर सरकतो, म्हणजे तिथे पदरावर पदर जेमतेम साडेचार मिलिमीटर राहतो. हात जरा सैल पडला की तिथून धातू डोकावलाच. म्हणून मी प्रत्येक बाजूला पाच मीटर फीत कापली, वळणांवर अर्धा पदर चढवला आणि सरळ भागावर हात थोडा मोकळा ठेवला.

फोमची टेप यातले बरेचसे हिशोब माफ करते. ती ताणली जाते, दबते, वळणाच्या आतल्या अंगाला गोळा झाली तरी आपल्याच मऊपणात सामावून जाते. सुती फितीला असे काहीही येत नाही. तिच्यात लवचीकता नाही आणि जाडीही नाही, त्यामुळे ती जिथे सैल राहील तिथे सैलच दिसते आणि जिथे वाकडी जाईल तिथे वाकडीच राहते. गोंदाने ती घट्ट बसेल अशी माझी पहिल्यांदा समजूत होती. दुकानातल्या फितीला गोंद नसतो म्हणून मी तेव्हा खाली फेव्हिकॉलचा हात दिला होता आणि त्यामुळे फीत चुरगळून जागोजागी कडक झाली होती. फीत बसते ती ताणाने. प्रत्येक वेढा आपल्या खालच्या वेढ्याला दाबून धरतो आणि त्याला वरचा वेढा धरतो. हा ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा राहिला पाहिजे, आणि तो देणारे साधन फक्त आपला हात.

हे मला कळले ते आमच्या शेजारच्या गृहस्थांमुळे. लग्नसराईत ते फेटे बांधून देतात. एकदा त्यांच्या हाताकडे पाहत बसले असताना लक्षात आले की, त्यांचा एक अंगठा कपड्यावरून कधीच सुटत नाही. एक हात कापड फिरवतो, ओढतो. दुसऱ्या हाताचा अंगठा मागचा पेच दाबून धरतो आणि नवा पेच त्याच्यावर आल्यानंतरच पुढे सरकतो. मी फीत गुंडाळताना दर वेढ्याला दोन्ही हात सोडून पुन्हा पकडत होते. तेवढ्यात कमावलेला ताण निघून जाई. दुसऱ्या वेळी मी डाव्या अंगठ्याला रजा दिली नाही. संध्याकाळी तो सुजला.

दिशेबद्दल जाणकारांमध्ये दोन पक्ष आहेत आणि दोघांकडेही कारणे आहेत. एक पक्ष फीत वर, हँडलच्या मध्याजवळ सुरू करून खाली टोकाकडे नेतो आणि शेवट नळीच्या तोंडात खुपसून बूच मारतो. यात वरच्या टोकाला काही बांधावे लागत नाही, काम सुबक दिसते. मामांची जुनी फीत अशीच होती. पण यात प्रत्येक वेढ्याची उघडी कड वरच्या बाजूला तोंड करून राहते. उतारावर ब्रेक धरताना अंगाचा भार हातांवर येतो, हात पुढे-खाली घसरू पाहतात आणि दर वेळी त्या कडांना उचकटतात. माझ्या कडा उलटण्याचे तिसरे कारण हेच होते. दुसरा पक्ष टोकापासून सुरुवात करून वर येतो. मग वरचा वेढा खालच्या वेढ्यावर चढलेला असतो, कडांची तोंडे खाली राहतात आणि घसरणारा हात त्यांना उलट बसवूनच जातो. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून कौले कशी रचतात हे ज्याने पाहिले आहे त्याला यातले निम्मे आपोआप कळेल, फक्त इथे पाण्याच्या जागी तळहात आहे. मी दुसऱ्या पक्षात गेले.

फितीचे पहिले टोक नळीच्या तोंडापलीकडे निम्म्या रुंदीइतके बाहेर ठेवून एक पूर्ण वेढा घेतला. ही बाहेरची कड नंतर आत दुमडून बुचाने दाबायची असते. दोन्ही बाजूंचे वेढे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे, उलट दिशांनी जातात. दिशा ठरवण्याची खूण अशी की, हँडलच्या वरच्या आडव्या भागावर पोचल्यावर फीत पुढून वर येऊन आपल्या बाजूला उतरली पाहिजे. चढावर आपण हँडल स्वतःकडे ओढतो तेव्हा तळहात फितीला त्याच दिशेने पिळतो आणि ती सुटण्याऐवजी आणखी आवळली जाते. ही खूण शेवटच्या भागाची आहे पण ठरवावी लागते पहिल्या वेढ्याला, हेच त्यातले अवघड.

ब्रेक लिव्हरपाशी सगळे अडखळतात. लिव्हरला धरणारा पट्टा मागच्या बाजूने उघडा दिसतो, आणि वेढे कितीही जवळ घेतले तरी तिथे धातूची एक चंद्रकोर राहतेच. त्यावर उपाय म्हणून फितीचा आठ-नऊ सेंटीमीटरचा वेगळा तुकडा आधीच त्या पट्ट्यावर आडवा ठेवतात, रबरी कव्हर वर दुमडून घेतात, मुख्य फीत लिव्हरच्या खालून तिरकी वर नेतात आणि आठच्या आकड्यासारखी फिरवून पलीकडे काढतात. फोमने तिथे एवढे जाड होते की लोक आठचा आकडा टाळतात. सुती फितीचा तो एक जादा पदर हाताला जाणवतही नाही. हे वळण मला उजव्या बाजूला चार वेळा सोडून पुन्हा घ्यावे लागले, डाव्या बाजूला एकदाच. रबरी कव्हरे मूळची होती ती कडक होऊन चिरली होती, म्हणून बदलली. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

वरच्या टोकाला फीत तिरकी कापली, म्हणजे शेवटचा वेढा हँडलला काटकोनात संपतो, आणि ती दोऱ्याने बांधली. इन्सुलेशनची काळी टेप लावून हे काम एका मिनिटात होते आणि उन्हात एका महिन्यात तिचा चिकटा बाहेर येतो. चांभाराकडचा मेण लावलेला जाड सुती दोरा घेतला. पद्धत जुनीच आहे. दोऱ्याचा एक फास फितीवर आडवा ठेवायचा, त्याच्यावरून एकाला एक खेटून पंधरा-सोळा फेरे घ्यायचे, शेवटचे टोक फासातून ओवायचे आणि फासाचे दुसरे टोक ओढून ती गाठ फेऱ्यांच्या पोटात नेऊन कापून टाकायची. गाठ बाहेर कुठेच दिसत नाही. मेणामुळे फेरे एकमेकांना धरून राहतात.

बूच ही गोष्ट लोक शोभेची समजतात आणि हरवले तर तसेच चालवतात. उघड्या नळीवर माणूस पडला तर ती सरळ मांसात घुसते, म्हणून बुचाशिवाय सायकल बाहेर काढू नये. जुनी बुचे फुटली होती. कातारीकडून सागवानाच्या तुकड्यांतून दोन बुचे कातून घेतली, आत जाणारा भाग थोडा निमुळता आणि मध्ये करवतीची एक चीर दिलेला. फितीची दुमडलेली कड आत घेऊन लाकडी हातोडीच्या दोन टोल्यांत ती बसली.

आता लाख. मिस्त्रींचा कुजण्याचा आक्षेप खरा होता आणि त्याला उत्तरही फार जुने आहे. फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या सायकली बांधणारे कारागीर सुती फितीवर शेलॅक लावत आले आहेत, आणि शेलॅक म्हणजे आपली चपडा लाख. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर वाढणारे बारीक किडे ही राळ स्रवतात. तिचे सर्वांत मोठे उत्पादन आपल्याच देशात, झारखंड-छत्तीसगडच्या पट्ट्यात होते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या तिच्याच बनत. परदेशी सायकलवेड्यांना ती मागवावी लागते. मला ती रंगाच्या दुकानात सुतारांच्या पॉलिशच्या सामानात, कागदाच्या पुडीत मिळाली.

पन्नास ग्रॅम चपडा अडीचशे मिलिलिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत टाकून रात्रभर ठेवला, मधून मधून हलवला आणि सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला. खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या आणि स्वयंपाकघर लांब होते. लाक्षागृहाची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगू नये. ऑगस्टमधले दुधाळ डाग का पडले होते, तेही आता समजले. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि ओल्या लाखेत अडकून पांढरी दिसते. नोव्हेंबरच्या कोरड्या दुपारी असे काही झाले नाही.

पहिला हात फीत पिऊन टाकते, वर काहीच दिसत नाही. फक्त पांढऱ्याचा रंग नव्या गुळाच्या ढेपेसारखा पिवळा होतो. अर्धा-पाऊण तास वाळू देऊन दुसरा हात, मग तिसरा, आणि दर हाताला रंग एकेक पायरी गडद होत जातो. चौथ्या हाताला तो चांगल्या चिक्कीच्या गुळाचा झाला, सहाव्याला काकवीचा, आणि तिथे मी थांबले. ब्रश पातळ ठेवावा लागतो, नाहीतर वळणाच्या पोटात थेंब साचून काचेसारखे कडक होतात. दोऱ्याच्या फेऱ्यांवरही दोन हात दिले. चोवीस तासांनी हँडल हाताला कोरडे, कडक आणि तरीही किंचित धरून ठेवणारे लागले. पाणी आता कापडापर्यंत पोचत नाही, घाम पुसता येतो आणि कडा एकमेकींना चिकटल्याने उचकटण्याचा प्रश्न मिटला आहे. लाख स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते, म्हणून एखादी जागा बिघडली तर तेवढीच सोडवून नीट करता येते. याच गुणाचा तोटा असा की, हाताला सॅनिटायझर लावून लगेच हँडल धरले तर तळहातावर काकवी येते. हे मी एकदा केले आहे.

उन्हाळ्यात सायकल दुपारच्या उन्हात उभी करून पाहिली. लाख सत्तर-पंचाहत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ होते, आणि कोल्हापूरच्या उन्हाने हँडल तेवढे तापत नाही. चटका मात्र बसतो.

गेल्या रविवारी पन्हाळ्याला जाऊन आले, शिवाजी पुलावरून केर्ली आणि मग वाघबीळचा चढ. जाण्याचे अंतर साधारण वीस किलोमीटर. चढावर हँडल स्वतःकडे ओढताना फीत जागची हलली नाही. उतरताना खड्ड्यांचा प्रत्येक हादरा मनगटात आला, हे लपवण्यात अर्थ नाही. फोमची टेप यातला काही भाग गिळते, सुती फीत काहीच गिळत नाही. मी बोटे उघडी असलेले जुने जाळीचे हातमोजे घालते आणि खडबडीत रस्त्यावर पकड सैल ठेवते. ज्यांना रोज वीस-पंचवीस किलोमीटर अशा रस्त्याने जायचे आहे त्यांना मी ही फीत सुचवणार नाही. मिस्त्रींनी परतल्यावर हँडल पाहिले, नखाने टकटक केली आणि “ह्ये काय, लाकडाचं केलंय का?” असे विचारले. मी ते कौतुक समजले.

मामा मागच्या आठवड्यात तपासणीसाठी कोल्हापुरात आले होते. सायकल व्हरांड्यात त्यांच्या खुर्चीशेजारी आणून लावली. त्यांनी डाव्या बाजूने सुरुवात करून टोकापासून वरपर्यंत अंगठा फिरवला, दोऱ्याच्या फेऱ्यांवर तो क्षणभर थांबला. मग उजव्या बाजूला लिव्हरच्या वर, जिथे मी चार वेळा सोडून पाचव्या वेळी कंटाळून पुढे गेले होते, तिथे नेमका परत आला.

“हा पदर सैल आहे गं.”

डोळ्यांना तो दिसत नाही, मी नंतर भिंग घेऊन पाहिले. येत्या रविवारी तेवढ्या भागाला स्पिरिटचा बोळा लावून चार वेढे सोडवायचे आहेत. बरणीतली लाख अजून ताजी आहे. वर्ष उलटले की स्पिरिटमधली लाख नीट सुकत नाही, म्हणून झाकणावर तारीख लिहून ठेवली आहे.